न्यूटची बरणी

डहाणूच्या कॉलेजात अजून माझी आठवण काढतात ती एकाच वाक्यात: त्या बाईंनी ऐन परीक्षेच्या तोंडावर लॅबमधल्या बरण्या बदलल्या. खरं आहे. बदलल्या. उद्या कोणी त्या लॅबची किल्ली परत माझ्या हातात दिली तर मी पुन्हा बदलीन, आणि या वेळी दोनच नाही, सगळं कपाट बदलीन. पण पुढे काय झालं ते त्या वाक्यात कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मी तिथे प्राणिशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन, आणि दर जूनला पुन्हा मुलाखत, जणू आपण त्या इमारतीत पहिल्यांदाच पाऊल टाकतोय. घर आमचं किनाऱ्याकडे, चिकूची वाडी. घरची वाडी असताना हिला बाटलीतल्या मेलेल्या जिवांत काय दिसतं, असं आईला नेहमी वाटायचं. काय दिसतं ते सांगायला गेलं की ती उठून भाजी निवडायला बसायची.

लॅबच्या मागच्या भिंतीला कपाटं होती. कपाटांत काचेच्या बरण्या, बरण्यांत फॉर्मेलिन, आणि फॉर्मेलिनमध्ये आमच्या आधीच्या पिढ्यांनी बुडवून ठेवलेले जीव. नवे नमुने आणणं आता बंद झालंय, त्यामुळे आहेत त्यांच्यावरच भागवायचं. परीक्षेत त्याला स्पॉटिंग म्हणतात. टेबलांवर बरण्या मांडायच्या, लेबलांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वर नंबर टाकायचे. घंटा वाजली की मुलांनी एका बरणीकडून पुढच्या बरणीकडे सरकायचं आणि समोर जे असेल त्याचं नाव, वर्गीकरण आणि दोन-तीन वैशिष्ट्यं लिहायची.

आता एक गोष्ट प्राणिशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा, तो हसेल आणि कबूल करेल. मुलं प्राणी ओळखत नाहीत, बरणी ओळखतात. झाकण निळं असेल तर समुद्रघोडा. बुडाशी काचेत बुडबुडा असेल तर विंचू. गळ्याशी काचेला तडा असेल तर न्यूट. हे ज्ञान वरच्या वर्गाची मुलं खालच्या वर्गाला देतात, अगदी मायेने, कपाटासमोर उभं करून. मी स्वतः त्याच कॉलेजात शिकले, मलाही असंच दिलं होतं. एक वर्ष तर आतला विंचू पार विरघळून नुसता गाळ उरला होता, तरी सगळ्यांनी विंचूच लिहिलं आणि सगळ्यांना गुण मिळाले.

न्यूट म्हणजे बेडकाचा शेपूटवाला भाऊबंद. लांबून बघितलं तर पाल वाटते. जवळून बघितलं तर अंगावर खवले नाहीत, पायांना नखं नाहीत, आणि पुढच्या पायाला बोटं चारच. पालीला पाच. आमच्या बरणीतला न्यूट फार पूर्वी कुणा सरांनी सहलीला गेले असताना दार्जिलिंगहून आणला होता. तपकिरी, पाठीवर दोन्ही बाजूंनी गाठींच्या रांगा, शेपूट दोन्हीकडून चेपलेली, आणि तोंडावर अशी मुद्रा की तुमचं काय ते लवकर आटपा. मला तो फार आवडायचा. लेबलावर सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस. पुस्तकातही तेच, अभ्यासक्रमातही तेच, आणि मीही दरवर्षी फळ्यावर तेच लिहायचे.

मग काही वर्षांपूर्वी संशोधकांनी दार्जिलिंग आणि नेपाळकडचे न्यूट घेतले. हे नाव ज्यावरून पहिल्यांदा दिलं गेलं त्या चीनच्या युन्नानकडच्या न्यूटशी त्यांची तुलना केली. डोक्यावरचे कंगोरे बघितले, पाठीवरच्या गाठी बघितल्या, जनुकं तपासली, आणि जाहीर केलं की हा तो नव्हेच. ही वेगळी जात आहे, हिला आजवर कुणी स्वतःचं नावच दिलेलं नाही. मग दिलं: टायलोटोट्रायटन हिमालयानस. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सगळी शहाणी माणसं या जनावराला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारत होती. ही बातमी मला उशिराच कळली, वाडीत खुर्ची टाकून मोबाइलवर काहीतरी वाचताना. मला इतका आनंद झाला की मी उठून आईला सांगायला गेले. ती म्हणाली, “मग त्याला आता बरं वाटेल.”

विभागप्रमुख सरांना सांगितलं तेव्हा त्यांना काही आनंद झाला नाही. सर माणूस वाईट नव्हते, निवृत्तीला आलेले होते, एवढंच. म्हणाले, “मॅडम, ही नावं बदलणारी माणसं रिकामटेकडी असतात. आज एक, उद्या दुसरं. बेडकाचं नाव बदललं, आपण पाठ केलं. परत बदललं. आता न्यूट. मुलांचं डोकं कशाला फिरवायचं?”

मी म्हटलं, “सर, कुणीतरी नीट बघितलं म्हणून बदललं.”

“आपल्याला नीट बघायचं नाहीये. आपल्याला अभ्यासक्रम संपवायचाय.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हा. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जुनं नाव फळ्यावर लिहिलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली नवं लिहिलं. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “मॅडम, परीक्षेत कुठलं लिहायचं?” सगळा वर्ग पेन उघडून उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, “जे खरं आहे ते लिहायचं.” बहुतेकांनी पेन मिटलं आणि जुनंच ठेवलं. त्यांना दोष देत नाही, त्यांना पास व्हायचं होतं.

एका मुलीने मात्र पुस्तकातलं नाव खोडलं. ती तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावरून यायची. सकाळी शेअरच्या इको व्हॅनने निघायची, आणि गाडी भरेपर्यंत सुटत नसल्यामुळे पहिल्या तासाला कायम दारातून “येऊ का मॅडम” म्हणायची. वडिलांचं अच्छाडला नाक्याजवळ छोटं दुकान होतं. ट्रकवाल्यांना ताडपत्री बांधायचे दोर, हुक, गाडीला लावायची लिंबू-मिरची, असलं सगळं. पोरगी बोलायची कमी. पण एकदा काही विचारायला लागली की मी दमायचे. न्यूटच्या त्या तासानंतर ती लॅबमध्ये आली, बरणी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत बसली आणि म्हणाली, “मॅडम, मग याच्या आधी ज्यांनी बघितला त्यांना हे दिसलंच नाय?”

“दिसलं असेल. पण नाव आधीच माहीत होतं ना. नाव माहीत असलं की माणूस बघत नाही.”

ती हसली. म्हणाली, “आमी पन तेच करतो. तडा दिसला की लिवायला सुरुवात.”

तिला पुढे एमएस्सी करायचं होतं. घरी बोलणी झाली होती आणि बापाने अट घातली होती. फर्स्ट क्लास आला तर मुंबईला जा, नाही आला तर तिकडे गुजरातेत संजाणकडच्या एका मुलाचं स्थळ आलेलं आहे, ते पक्कं करायचं. तिने हे मला सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, वेळापत्रक सांगावं तसं. आधीच्या परीक्षांचे गुण धरून ती फर्स्ट क्लासच्या अगदी काठावर होती. लेखी पेपर तिला जड जायचे, इंग्रजीमुळे. भरवसा होता तो प्रात्यक्षिकावर, कारण लॅबमध्ये तिच्यासारखं बघणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर आलं होतं, आणि हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

दर वर्षी परीक्षेच्या आधल्या आठवड्यात लॅब मुलांना बंद करतात आणि बरण्यांतलं फॉर्मेलिन बदलतात. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. नाकाला रुमाल बांधून एकेक बरणी रिकामी करत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. न्यूटची तडा गेलेली बरणी धुऊन पालथी घातली आणि शेजारी पालीची बरणी पालथी घातली. मग दोन्ही उचलल्या. वर्षभर मी मुलांना सांगत आले होते, बरणी बघू नका, एक दिवस बदलून टाकीन. वर्षभर मुलं हसत आली होती. मी पाल न्यूटच्या बरणीत सोडली आणि न्यूट पालीच्या. लेबलं काढून योग्य त्या बरणीवर नीट चिकटवली, न्यूटच्या लेबलावर नवं नाव लिहून. चोरून काही केलं नाही. कपाट उघडून लेबल वाचणाऱ्या कुणालाही ते दिसलं असतं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते मुंबईच्या बाजूचे, आमच्याकडे बरीच वर्षं येणारे. त्यांना डहाणू आवडायचं. स्टेशनवर त्यांना आणायला माणूस जायचा, आल्याआल्या शहाळं, दुपारी पापलेट, आणि जाताना चिकूची पेटी. ती पेटी दर वर्षी आमच्या वाडीतून जायची, कारण सर मला सांगायचे आणि मी आईला सांगायचे. त्या वर्षी सरांना निवडणुकीच्या कामाला जुंपलं होतं, म्हणून अंतर्गत परीक्षक म्हणून मीच उभी होते. पेटीही आणली होती.

साहेबांनी शहाळं संपवलं, कपाटासमोर उभं राहून बोटाने दाखवत गेले, ही घ्या, ती घ्या. लेबलांवर आधीच पट्ट्या लागलेल्या होत्या. मग खुर्चीत बसून उत्तरं लिहायला घेतली. मी म्हटलं, “सर, बरण्या एकदा बघून घेता?” ते म्हणाले, “मॅडम, तुमची लॅब मला पाठ आहे.” मी पुढच्या कामाला लागले. स्लाइड मांडायच्या होत्या, सूक्ष्मदर्शकाचा दिवा लागत नव्हता, मला वेळही नव्हता.

घंटा वाजत राहिली, मुलं सरकत राहिली. दुपारी तोंडी परीक्षा झाली, ती साहेबांनी आतल्या खोलीत घेतली. संध्याकाळी गुणांची बेरीज करायला बसले तेव्हा त्या मुलीचा पेपर माझ्या हातात आला आणि मी बघतच राहिले. स्पॉटिंगमधल्या दोन उत्तरांवर लाल फुल्या. तडा गेलेल्या बरणीला तिने पाल लिहिलं होतं. पुढच्या पायाला पाच बोटं, बोटांखाली चिकटायच्या पट्ट्या, अंगावर खवले, सगळं. पालीच्या जुन्या बरणीला तिने टायलोटोट्रायटन हिमालयानस लिहिलं होतं. पुढच्या पायाला चार बोटं, नखं नाहीत, पाठीवर गाठींच्या रांगा. आणि तोंडी परीक्षेत तिला इतके कमी गुण होते की मला वाटलं दुसऱ्याच कुणाचे चुकून इथे उतरले.

बाकीचे पेपर काढले. सगळ्यांनी तडा गेलेल्या बरणीला न्यूट लिहिलं होतं आणि सगळ्यांना पूर्ण गुण होते. एक-दोघांनी तर आधी पाल लिहून ते खोडलं होतं आणि वर न्यूट लिहिलं होतं. म्हणजे डोळ्यांना दिसलं होतं त्यांना. दिसल्यावर बरणीकडे पाहिलं आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास खोडून टाकला. ते खोडलेले शब्द बघून मला जेवढा राग आला तेवढा साहेबांच्या फुल्यांचाही आला नाही.

ती मुलगी अजून व्हरांड्यातच होती, इकोची वाट बघत. मी विचारलं, आत काय झालं?

“सरांनी विचारलं, चार नंबरला न्यूट का नाय लिवला. मी म्हटलं, सर ती पाल हाय. ते म्हटले, बाकी सगळे येडे का? मी म्हटलं, ते मला म्हाईत नाय सर, पन ती पाल हाय.” पुढे म्हणाली, “मग त्यांनी हिमालयानस कुठनं काढलं विचारलं. मी सांगितलं. ते म्हटले, जास्त शहाणपणा बरा नाय.”

मी दोन्ही बरण्या उचलल्या, आतल्या खोलीत गेले आणि साहेबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवल्या. म्हटलं, “सर, बोटं मोजा.”

त्यांनी चष्मा लावला. एका बरणीत बघितलं, दुसऱ्या बरणीत बघितलं, परत पहिलीत बघितलं. चेहरा उतरला तो मला स्पष्ट दिसला, आणि मला वाटलं आता सगळं सरळ होईल. पण माणसाला आपण चुकलो हे कळलं की तो चूक कुणाच्या दारात टाकायची ते आधी शोधतो.

“या बरण्या कुणी बदलल्या?”

“मी.”

“परीक्षेच्या तोंडावर? मॅडम, हा सरळ सरळ गैरप्रकार आहे. मुलांची दिशाभूल केलीत तुम्ही.”

“सर, मी बरण्या बदलल्या. प्राणी बदलला नाही. पाल पालच राहिली.”

त्यांनी सरांना फोन लावला. सर निवडणुकीच्या कुठल्या तरी केंद्रावर होते, मागे लाउडस्पीकर चालू होता. फोन माझ्याकडे आला. “मॅडम, वाढवू नका,” सर म्हणाले. “मी सांगतो तसं करा. त्या दोन बरण्यांचे सगळ्यांना पूर्ण गुण देऊन टाका. कुणाचं नुकसान नाही.”

मी म्हटलं, चालेल. खरंच म्हटलं. पालीला न्यूट म्हणणाऱ्यांना गुण मिळाले तर मिळोत, पोरीचे तिला मिळू देत. तोंडी परीक्षेचे गुणही दुरुस्त करा, कारण ती जे बोलली ते खरं होतं, उद्धटपणा नव्हता. तेव्हा साहेब म्हणाले, पालीचे पूर्ण देतो. न्यूटचे मात्र तिला अर्धेच देता येतील, कारण तिने लिहिलेलं नाव अभ्यासक्रमात नाही. आणि तोंडी परीक्षा हा परीक्षकाचा अधिकार असतो, त्यात बदल होणार नाही.

मी त्यांना परत विचारलं, नीट ऐकलं का याची खात्री करायला. ज्यांनी पालीला न्यूट म्हटलं त्यांना न्यूटचे पूर्ण गुण? हो. आणि जिने न्यूटला न्यूट म्हटलं, आणि आजच्या शास्त्रात त्याचं जे नाव आहे ते लिहिलं, तिला अर्धे? “नियमाने तसंच होतं, मॅडम.”

मोबाइलवर ते नाव काढून दाखवलं. त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, “जगात काय चाललंय ते मला सांगू नका. माझ्यापुढे अभ्यासक्रम आहे.” मी म्हटलं, मग मी गुणपत्रकावर सही करणार नाही. दोन परीक्षकांच्या सह्या लागतात. एक तुमची होईल, दुसरी माझी होणार नाही.

“तुम्ही तासिकेवर आहात ना?” ते म्हणाले. एवढंच. पुढचं बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

“हो,” मी म्हटलं, “आणि माझा आजचा तास संपला.” पर्स उचलली. दारापर्यंत गेले, मग परत आले आणि कोपऱ्यातली चिकूची पेटी उचलली. जड होती, पण रागाने माणसाला बळ येतं. साहेब बघत राहिले. व्हरांड्यात ती पोरगी अजून उभी होती. तिच्या हातात पेटीची एक बाजू दिली आणि आम्ही दोघी ती घेऊन स्टँडपर्यंत आलो. वाटेत तिला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझं नुकसान होतंय, तू म्हणशील तर मी परत जाऊन सही करते, अर्धे तर अर्धे.

“नको मॅडम,” ती म्हणाली. “अर्धे घेतले तर माझं अर्धं खोटं होतं.”

चिकू इकोतल्या सगळ्यांना वाटले. ड्रायव्हरलाही दिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी येऊन माझ्या जागी सही केली. परीक्षा विभागात मी अर्ज दिला, तर मला सांगण्यात आलं की प्रात्यक्षिकाचे गुण पुन्हा तपासत नाहीत. प्राचार्यांना भेटले, ते अतिशय गोड बोलले. जूनमध्ये मुलाखतीला मला बोलावणं आलं नाही. आई म्हणाली, “बरं झालं, वाडीत माणूस कमीच होतं.” मला वाटलं ती टोमणा मारतेय, पण नाही. त्या दिवशी तिने स्वतःहून विचारलं की त्या न्यूटचं नवं नाव काय होतं ते परत सांग. मी सांगितलं. तिला ते म्हणता आलं नाही, पण तिने प्रयत्न केला, आणि मला रडू आलं.

निकाल लागला. पोरगी पास झाली. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. त्या दोन बरण्या आणि ती तोंडी परीक्षा, एवढंच मध्ये होतं. तिने फोन केला, निकाल सांगितला आणि म्हणाली, “रविवारी संजाणचे लोक येनार.” आवाजात काही नव्हतं.

रविवारपर्यंत थांबायचं मला सुचलंच नाही. त्याच दिवशी निघाले आणि अच्छाडला जाऊन उतरले. हायवेवर ट्रकची रांग, धाब्यांचा धूर, आणि बोललेलं ऐकू येऊ नये एवढे हॉर्न. दुकान शोधायला वेळ लागला नाही, दारात दोरांची भेंडोळी टांगलेली होती. ती आत बसून दोराचे तुकडे कापून ठेवत होती. मला बघून उठली. वडील एका ड्रायव्हरला दोर मोजून देत होते, हात पसरून छातीपर्यंत, परत हात पसरून.

“बसा बाई,” ते म्हणाले आणि मोजत राहिले.

मी बसले नाही. बसले असते तर हळू बोलावं लागलं असतं. उभ्या उभ्या, त्या हॉर्नच्या वरच्या आवाजात, मी त्यांना सगळं सांगितलं. न्यूट कोण, पाल कोण, बरण्या मी कशा बदलल्या, सगळ्या वर्गाने काय लिहिलं, तुमच्या मुलीने काय लिहिलं. नाव का बदललं तेही सांगितलं. की मोठ्या मोठ्या माणसांनी आधी नीट बघितलं नव्हतं, नंतरच्यांनी बघितलं. तुमच्या मुलीने नीट बघितलं, म्हणून तिचे गुण गेले. अट तुमची आहे, ती मोडा असं मी सांगत नाही. पण ती पुरी का झाली नाही ते तुम्हाला माहीत असायला हवं.

ड्रायव्हर दोराचं टोक हातात घेऊन तसाच उभा राहिला होता. वडिलांनी विचारलं, “ती पालच व्हती?”

“पालच होती.”

“सगल्यांनी दुसरंच लिवलं.”

“हो.”

“आन त्यांना मार्क दिले.”

“दिले.”

“साहेबाला कललं तरी बी?”

“कळल्यावरच दिले.”

त्यांनी मुलीकडे बघितलं. “मला का नाय सांगितलंस?”

“तुमी फर्स्ट क्लास आला का तेवढंच विचारलं,” ती म्हणाली. “नाय आला, ते सांगितलं.”

वडिलांनी दोर गुंडाळून गाठ मारली, ड्रायव्हरला दिला, तो गेला. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि लावला. पलीकडून कोणी उचलल्यावर आधी गुजरातीत केम छे, घरी सगळे मजेत ना, असं झालं. मग आवाज चढवून, हायवेच्या गोंगाटात पलीकडच्याला नीट ऐकू जावं म्हणून एकेक शब्द सुटा करत ते बोलले.

“रविवारी नका येऊ, भाई. पोरगी मुंबईला शिकायला जानार हाय.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाय, फर्स्ट क्लास नाय आला,” ते म्हणाले. “बरोबर लिवलं, म्हनून नाय आला.”